खालचं कातडं

लष्करात माझं दुकान. लष्कर म्हणजे मोहल्ला,
फौज कधीच गेली, नाव तेवढं मागं राहिलं.
इथं येणारा प्रत्येक ड्रम लढाईतला असतो,
निदान आणणाऱ्याच्या तोंडी तरी.
काबूल, बसरा, एकदा तर पानिपत.
पानिपतावर चपट्या डोक्याचे गिरणीतले स्क्रू होते.
मी ऐकून घेतो, चहा सांगतो,
मग ड्रम आडवा करून
अंगावरच्या भोकाला डोळा लावतो.

भोक वाऱ्यासाठी असतं. काठी पडली की
आतली हवा कुठंतरी जायला हवी.
पण खरंखोटं तिथूनच कळतं:
कारखान्याची चिठ्ठी, झुरळांनी निम्मी खाल्लेली,
नाहीतर प्लायवूडचे थर, म्हणजे
कुठल्यातरी शाळेचं पंधरा ऑगस्ट.

लाकूड असेल तर वाफेवर वाकवलेलं, एकसंध.
पितळ असेल तर जोड नखानं बघायचा.
कड्याची भोकं एकाच अंगानं झिजलेली हवीत,
दोरीची ओढ जिकडं, तिकडं.
चहाच्या पाण्यात बुडवून म्हातारा केलेला ड्रम
सगळीकडून सारखाच म्हातारा दिसतो.
खरं म्हातारपण असं येत नाही,
माझा डावा गुडघा बघा की.

मंगळवारी राजव्वा कोंतम आली,
साखर पेठेतून, रिक्षात मांडीवर गाठोडं घेऊन.
चादर सोडली. पितळी पडघम.
वरचं कातडं नाहीच, आत हात घालता येतो,
तरी सवयीनं मी भोकालाच डोळा लावला
आणि पलीकडून तिचा पदर दिसला.

'वीस वर्षं कांड्या ठेवल्या ओ ह्यात, मग कांदे.'

पुढं रंगवलेला मुकुट, अर्धा उडालेला.
खाली आकडा: तीन, किंवा आठ.
तीन निघाला तर पुण्याचे एरंडे चाळीस हजार देतील.
आठ निघाला तर बारा.
काहीच नाही निघालं तर साडेतीन किलो पितळ,
मोडवाला बोळाच्या तोंडाशीच बसतो.

मी ड्रम पालथा केला.

खालचं कातडं होतं. वासराचं नव्हे, बकरीचं.
चार तातींपैकी एक आतड्याची नाही,
मागाच्या पट्ट्यातून चिरलेली.
आणि कड्यावर, जिथं कातडं संपतं,
वादीची उलटी गाठ.

उलटी का, मी विचारलं होतं, सातआठ वर्षांचा असताना.
सुलटी सगळ्यांनाच येते, नायना म्हणाला होता.

'हा वाजवायचं कोण?'
'चुलत सासरे. लग्नात नाही हं.
संपात, गिरणीच्या गेटवर.
भोंगा झाला तरी थांबायचे नाहीत म्हणे.
इथल्याच कुणीतरी मढवून दिला, फुकट.
नाव काय की.'

फुकट हे मला पटलं नाही.
नायना चपलेचा अंगठासुद्धा फुकट शिवत नसे.
पण गाठ त्याची होती.

एरंड्यांच्या कागदावर रकाने असतात.
काळ. पलटण. मूळ भाग. बदललेले भाग.
बदललेला एक भाग म्हणजे किंमत एक तृतीयांश खाली,
हा नियम मीच राजव्वाला समजावून सांगितला,
तिनं मान हलवली, जशी डॉक्टरपुढं हलवतात.

मी लिहिलं: खालचं कातडं, बकरीचं, स्थानिक काम.
पुढं लिहिलं: चांगलं.
मग 'चांगलं' खोडलं, त्याला रकाना नव्हता.
मग खोडलेल्याच्या वर पुन्हा लिहिलं,
ते आता वाचता येत नाही, आकड्यासारखंच.

'किती येतील ओ?'
ओल्या फडक्यानं मी आकडा पुसत होतो.
आठ. किंवा तीनच, कुणीतरी नंतर मिटवलेला.
'आणि वाजतो का अजून?'

हे मला कुणी विचारत नाही.
काठी मारली तर फाटेल, म्हणून नखानं
एकदाच, कडेला.

आतून कांद्याचं एक साल
कागदावर पडलं.
राजव्वा ऐकत होती.