पान अकरा : वाट शोधा

पान एक : ठिपके जोडा. चाळीस ठिपक्यांचं कासव.
पान पाच : पिंगळ्याचा मुखवटा,
डोळ्यांची भोकं मोठ्या माणसांनी कापावीत.
पान सात : कोणतं पाऊल कोणाचं, रेघेनं जुळवा.
(तरसाचं पाऊल मी तीनदा काढलं,
तिन्ही वेळा गल्लीतल्या बंड्या कुत्र्याचंच आलं.)

बाई म्हणाल्या, सगळं छान आहे हो,
पण जिराफ कुठाय?
पालक दुकानात पाकीट उलटंपालटं करतात,
जिराफ दिसला की पैसे काढतात.
म्हटलं, जिराफ इथला नाही.
तर म्हणाल्या, तुम्ही तरी कुठे इथल्या?
मी परभणीची. गप्प बसले.
जिराफ काढला, कव्हरवर, मान वाकवून,
नाहीतर संस्थेच्या नावावर डोकं आपटत होतं.

अकराव्या पानावर मात्र खोकड.
दिवे घाटापलीकडच्या माळावर एकदाच पाहिलेलं,
एसटीच्या खिडकीतून,
शेपटीचं टोक काळं, शाईत बुडवून
कुणी टिपायला विसरल्यासारखं.
तेवढंच पाहिलं.
उरलेलं खोकड पुस्तकातून घेतलं.

रात्री वाट आखायला बसले.
अशा कोड्यांची एक रीत असते :
आधी खरी वाट काढायची, हलक्या हातानं,
तिच्याभोवती खोट्या वाटा वाढवायच्या,
मग खरी पुसायची.
मी भिंतींना नावं देत गेले, गंमत म्हणून.
हे तारेचं कुंपण. हा रिंगरोड.
ही 'बंगलो प्लॉट, बुकिंग चालू'ची कमान.
हे गोदाम, त्याच्यामागे आणखी एक गोदाम.
इतकी रमले
की खरी वाट कधी बुजली, कळलंच नाही.

सकाळी पाठपोट प्रिंट घेऊन खाली गेले.
जिन्याखाली इस्त्री करतात त्या परदेशींची तेजल,
वय सहा, माझी बिनपगारी तपासनीस.
तिनं पेन्सिल मुठीत धरली,
खोकडाच्या नाकावर टेकवली, निघाली.
कुंपण. मागे.
गोदाम. मागे.
कमानीखाली गेली, तिथे मी वॉचमन काढलेला.
मागे.
तेव्हा माझ्या लक्षात आलं, कानशिलं तापली.
म्हटलं, तेजू थांब, चुकलंय माझं.
तिनं ऐकलं नाही.
पेन्सिल उभी केली
आणि दाबली.

टक्क.

"गेलं खाली. ते खणतं ना?
तुम्हीच लिहिलंय वरती."
लिहिलं होतं खरं,
'माहीत आहे का?'च्या चौकटीत.

पान उलटलं.
पेन्सिलीचं टोक निघालं होतं बाराव्या पानावर,
जिथे मी नुसतं गवत काढून ठेवलेलं,
ज्याला जो प्राणी हवा त्यानं तो काढावा म्हणून.
तेजल म्हणाली, आलं घर,
आणि इस्त्रीचे कपडे मोजायला गेली.

आप्पा बळवंत चौकामागच्या छापखान्यात
दस्तगीरभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
मॅडम, इथं कागदाला होल आहे.
म्हटलं, हो.
ठेवायचं?
ठेवायचं.
डायकटिंग लागेल. कॉपीमागे चाळीस पैसे जादा.

बाईंना फोन लावला.
चाळीस पैसे? कशाचे?
मी सांगायला लागले,
कुंपण, गोदाम, तेजल,
मग थांबले. म्हटलं,
जिराफाचे.