ओला चमचा

वाशीची बिल्डिंग पाडायला निघाली तेव्हा
तळमजल्यावरच्या लेलेकाकूंनी बरणी दिली हातात.
लिंबं, नुसत्या मिठातली.
"पोट बिघडलं तर एक फोड. ओला चमचा घालू नकोस."

तीन वर्षं झाली. कोपरखैरण्याला भाड्याने आहोत,
पोट कुणाचंच बिघडलं नाही.
लिंबं जुन्या पाकिटाच्या रंगाची,
खार काकवीसारखा दाट.

आज कोंबडी आणली, आणि घरात
दही नाही, कोकम नाही.
बरणी उघडताना उगाचच
खिडकी लावून घेतली.

बिया काढल्या, साली बारीक चिरल्या.
आलं, लसूण, मिरी, हळद.
मीठ नाही,
ते काकूंनीच घातलंय.
झाकणावर पाणी ठेवलं, आच मंद.
वाफेतून आधी त्यांचं स्वयंपाकघर आलं,
एकादशीच्या दिवसाचं,
मग त्याच्या मागून, दबकत, कोंबडी.

जेवताना फोन. त्याच.
"लिंबं उरलीत का गं?"
"अर्धी बरणी."
"कशाशी खाता?"
मी नळी चोखायची थांबले.
"मऊ भाताशी."

पलीकडे पंखा फिरत होता.
"आणि चमचा?"
"कोरडा, काकू. अगदी कोरडा."

तेवढं खरं होतं.