बाकी

रेवूनं फोटो पाठवलाय.
तिच्या कॉलेजच्या तळघरातल्या खातेवहीचं पान,
सन एकोणीसशे बारा, भटारखान्याचा हिशेब.
तिरक्या इंग्रजी अक्षरांत मधेच एक नाव:
गोवर्धने, नासिक.

मी फोन आडवा धरतो, चष्म्यावर भिंग.
एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये हेच केलं.
पासपोर्टच्या कोऱ्या पानांवरून नजर फिरवायची,
छपाई केसभर सरकली की बाजूला काढायचं.
सुटताना गेटवर खिसे उलटे करून दाखवायचे.
कागदाचा कपटाही कधी घरी आणला नाही.
रेवूचा पासपोर्टसुद्धा पोस्टानंच आला.
गोवर्धने बोटीवर चढला
तेव्हा तर आमची प्रेसच नव्हती.

ती सांगते, बाबा, इथल्या हिरवळीवरून
फक्त प्रोफेसरांनी चालायचं.
जेवणाआधी कुणीतरी लॅटिन पुटपुटतं,
आम्ही काळे झगे घालून उभे.
माझा जुना घेतलाय,
बाहीवर आधीच्या मुलीची शाई आहे.
भिंतीवर सगळे दाढीवाले.
ज्यानं हे बांधलं त्याचा पैसा साखरेचा,
आणि साखर कुणाच्या पाठीवर पिकली
ते आता एका पाटीवर लिहिलंय, बारीक अक्षरात.
'किती पॉइंट?' मी विचारतो.
ती हसत सुटते.

मग गोवर्धनेचं खातं वाचते:
मांस नाही. अंडी नाहीत. दूध जादा.
कोळसा, दोन पोती.
रात्री दहानंतर फाटकात आल्याबद्दल दंड.
पुन्हा दंड.
पुन्हा.
फेब्रुवारीत: अंडी, दोन.
मार्चपासून पान कोरं.
बाकी तीन पौंड, चार शिलिंग.

रेवू पैसे भरायला ऑफिसात गेली.
बाई म्हणाली, ते खातं आम्ही कधीच बंद केलं.
मग तो गेला कुठं?
बाईनं चहा विचारला.

रविवारी मी बिटको चौकातून बस धरली,
गावात तीन गोवर्धने शोधले.
पहिले म्हणाले, ते आम्ही नव्हे.
दुसऱ्यांकडे दातांचा दवाखाना, नंबर लावावा लागला.
तिसरे तीर्थोपाध्याय.
अर्ध्या मुलखाच्या वंशावळी त्यांच्या फडताळात,
लाल कापडात बांधलेल्या.
घरचं बाड त्यांनी स्वतःच सोडलं, बोट फिरवत आले,
आणि एका जागी थांबले.
तिथं चाकूनं खरवडलेलं होतं.
कागद इतका पातळ झालेला
की मागच्या पानावरचा कुणीतरी भलताच
आरपार दिसत होता.
'समुद्र ओलांडला म्हणून असेल,' ते म्हणाले.
मी अंड्यांचं काही बोललो नाही.

रात्री रेवूला लिहिलं:
ते पान दिव्यासमोर धरून बघ,
वॉटरमार्क कुठल्या गिरणीचा.
फोटोत तो येत नाही.
आणि उशीर झाला तर दंड भर,
भिंतीवरून चढू नकोस.

तिचं उत्तर पहाटे आलं:
दंड नसतो आता, बाबा.
कार्ड टेकवलं की फाटक उघडतं.
किती वाजता आले, तेवढं मात्र
आत कुठंतरी लिहून ठेवतात.