जानापावहून, नलूला

नलू, तुझा फोटो पोचला.
चिडाच्या झाडांखालची वाट, तपकिरी सुयांनी मऊ झालेली,
पलीकडे जांभळट झुडपांचा माळ, आभाळाला टेकलेला.
तू लिहितेस, इथे चालताना पावलांचा आवाजच येत नाही,
आपण आपल्यालाच मागे सोडून आल्यासारखं वाटतं.

म्हणून सांगते, काल मी जानापावला जाऊन आले.
एकटीच.

सरवटेवरून सहाची महूची बस.
कंडक्टर नवा, दरवाजा तोच,
सुतळीने बांधलेला.
डब्यात पोहे, पुडीत जीरावण,
आणि सवयीने दोन चमचे.

पायथ्याशी एक पोरगी सीताफळं मांडून बसली होती.
डोळे उघडलेली, आजच खावीत अशी.
मी पर्स उघडली तर म्हणाली,
"अभी मत लो माँजी, चढ़ाई में भारी पड़ेंगे. लौटते में लेना."
विकणारीनंच असं म्हणावं!

सागाचं काय सांगू.
पानांची अळीने जाळी केली आहे, दरवर्षीसारखी.
तू एक पान डोळ्यांपुढे धरून
मुख्याध्यापिकेची नक्कल करायचीस.
मी धरून पाहिलं. जमलं नाही.
पण आवाज, नलू!
पाऊल टाकलं की भाजलेला पापड मोडावा तसा,
वरच्या फांदीवरची माकडं खाली वाकून बघतात.
इथे चोरून चालता येत नाही.
माझं वजन, माझा डावा गुडघा,
उगाच फुलं बघायचं निमित्त करून थांबणं,
सगळं जाहीर.

वर माळ. तुझ्यासारखा जांभळा नाही.
गवत पिकून तांबूस झालेलं,
वारा आला की या कुशीवरून त्या कुशीवर होतं,
आणि मधे काळे दगड,
तू फळ्यावर काढायचीस तसे, जरा वाकडेच.

मग ती धार,
जिथे उभी राहून तू बावीस वर्षं
सहावी ब ला सांगावं तसं मला सांगत आलीस:
इथे चूळ भरली तर या अंगाचं पाणी चंबळेला,
त्या अंगाचं नर्मदेला.
एक यमुनेतून गंगेतून पार बंगालच्या उपसागरात,
दुसरं भडोचला अरबी समुद्रात.
"आणि तोंड एकच, बाई!"
आणि मी बावीस वर्षं म्हणत आले,
वाटेतच वाळेल.

काल मी बाटली उलटी केली.
पाणी थबकलं. खरंच सांगते, विचारात पडल्यासारखं.
मग अंगावर धुळीची साय ओढून
सगळंच्या सगळं एकाच बाजूला गेलं.
कोणत्या, ते लिहीत नाही.
तू असतीस तर म्हणाली असतीस,
घोडगावकर बाईंच्या त्या सुरात,
बाटली तिरकी धरलीस.

उतरले तेव्हा पोरगी नव्हती.
दगडावर चार सीताफळं, पळसाच्या पानाने झाकलेली.
माझ्यासाठीच असावीत असं धरून चालले,
पन्नासची नोट दगडाखाली ठेवली,
वारा होता म्हणून आणखी एक दगड ठेवला.

आता पलंगाच्या कडेवर बसून
मोज्यांतली कुसळं काढते आहे.
तुझ्या त्या सुया झटकल्या की पडतात म्हणालीस.
कुसळाचं तसं नाही.
पुढे सरकताना गुळगुळीत,
मागे ओढलं की धरून बसतं.
कुठल्या तरी मातीत उतरायला निघालेलं बी ते,
आणि त्याला मिळाला माझा लोकरी मोजा.

सतरा निघाली, वर्तमानपत्रावर ठेवली आहेत.
अठरावं टाचेपाशी खोल आहे,
चष्मा लावूनही दिसत नाही,
ओट्यापर्यंत जाताना तेवढं कळतं.
ते राहू दिलं.

ओट्यावर सीताफळं आहेत.
आजच खायला हवीत.
चार आहेत.