चौदाव्या मिनिटाला

माझं काम तसं साधं:
जे ऐकू येतं ते खाली लिहायचं.
दोन ओळी, एकीत सदतीस अक्षरं,
आणि वाचून होण्याआधी
माणूस पडद्यावरून जाता कामा नये.

चौकोनी कंसांचा एक डबाच आहे माझ्याकडे.
[दार आपटतं] [दूर कुत्रा]
[हसतात], आणि कोण ते दिसत नसेल तर
[कोणीतरी हसतं].
नुसतं [संगीत] लिहून मोकळे होणाऱ्यांचा मला राग येतो.
कसलं संगीत? लग्नातलं की लिफ्टमधलं?
चालण्याला मी कधी [पावलं] म्हटलं नाही,
[कोरड्या बर्फावर पावलं] म्हटलं.

ही फिल्म उत्तरेकडची, ओसेलेची.
लाकूडतोड्या एव्हर्ट, वय एक्याऐंशी,
स्वयंपाकघरातल्या बाकावर, मागे घड्याळ,
नदीतून ओंडके कसे सोडत ते सांगतोय.
मी जन्माची माल्मोची. त्याची बोली
निम्मी कळते, निम्मी मागे जाऊन जाऊन ऐकते.
चौदाव्या मिनिटाला मुलाखत घेणारी पोरगी विचारते,
पुन्हा संधी मिळाली तर योर्डिसशीच लग्न कराल?
एव्हर्ट खिडकीबाहेर बघतो.
ओठांचा चंबू होतो, हवा आत जाते, सुप्‌,
आणि तो कॉफीचा कप उचलतो.

मी लिहिलं [श्वास घेतो].
मग [घड्याळाची टिकटिक].
म्हाताऱ्यानं उत्तर टाळलं, मला वाटलं,
आणि जरा हसूही आलं.

नोव्हेंबरात पत्र आलं, रेघांच्या कागदावर:

'आरा गिरणीनं माझे कान नेले
तेव्हा मी चव्वेचाळीसची.
तुमच्या ओळींमुळे एव्हर्टचं बोलणं
पहिल्यांदा सलग वाचलं. आभार.
ओंडक्यांच्या गोष्टी तो इतक्या फुगवायचा
हे माहीत नव्हतं.
पण एक चूक आहे.
चौदाव्या मिनिटाला तो श्वास घेत नाही.
श्वास तर तो मार्चपर्यंत घेतच होता,
त्यात लिहिण्यासारखं काय?
आमच्याकडे तो "हो" असतो.
आत ओढलेला. मेणबत्ती उलटी फुंकावी तसा.
पस्तीस वर्षं मी तो ऐकला नाही, नुसता पाहिला:
दूध आणू? दिवा मालवू? फार दुखतंय का?
तेवढं दुरुस्त करा. योर्डिस.'

मागे गेले. तेरा मिनिटं, बावन्न सेकंद.
आवाज बंद केला
आणि तिच्यासारखं पाहिलं.

काय लिहू?
[होकार]? हे तर सभेच्या इतिवृत्तासारखं.
[हुंकार देतो]? पण हुंकार बाहेर येतो,
गोष्ट सांगणाऱ्याला पुढे ढकलतो;
हा आत गेला, आणि आतच राहिला.
[श्वास ओढत हो म्हणतो]. ओळीत मावतंय.
वाचेपर्यंत त्याची कॉफी पिऊन होईल.

ओट्यापाशी एकटीच करून पाहिलं.
ओठ आवळले, हवा ओढली.
ठसका लागला. मांजरानं मान वर केली.

शेवटी कंसच काढून टाकले.
तो आवाज नव्हता, बोलणं होतं;
बोलण्याला कंस लागत नाहीत.

हो.

एवढंच. आणि ते पडद्यावर ठेवलं
नियमापेक्षा दीड सेकंद जास्त,
कप ओठांशी पोहोचेपर्यंत.
घड्याळाची टिकटिक पुसली.
ती आहे तिथे, पण तिला आता जागा नाही.

कालपासून जुन्या फायली उघडतेय.
उत्तरेकडच्या एकोणीस.
पहिलीतच, सातव्या मिनिटाला, एक बाई
मासे साफ करता करता थांबते.
खाली माझी ओळ: [श्वास घेते].

काय विचारलं होतं तिला?