दोन चिपट्यांचं मापटं

सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवायचा,
हे मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
पुण्याहून आलेला डिझायनर म्हणाला, मॅडम, जागा वाया जातेय.
मी त्याला भिंतीवरची रेघ दाखवली,
दोनदा रंग मारला तरी आतून उमटणारी.
त्यानं टेप लावली. तीन फूट दोन इंच.
मग काही बोलला नाही,
टेप तेवढी खटकन आत ओढून घेतली.
सांगलीत नदीला विचारून मांडामांड करावी लागते.

वजन-मापांचं संग्रहालय आमचं, हळदीच्या पेठेमागं.
आत काचेपलीकडं पायली, अधोली, शेर,
निळवं तर एवढंसं, की पोरं त्याला चहाचा कप समजतात.
बाहेर पडायच्या वाटेवर माझं दुकान.
लोक येतात आणि आधी विचारतात,
टॉयलेट कुठं आहे.

काय ठेवायचं यावर तीन बैठका झाल्या.
हळदीच्या पुड्या, तासगावचे बेदाणे, यावर कुणाचं दुमत नव्हतं.
तराजूचं की-चेन: पारडी दोन दिवसांत निखळतात,
तरी ठेवलं, कारण खपतं.
विश्वस्तांच्या भाच्यानं टी-शर्ट आणले,
छातीवर ठळक अक्षरांत ‘मापात पाप नाही’.
एक्सेल म्हणून घातला आमच्या इरफाननं,
तो बगलेत अडकला. काढताना दोघं लागले.

मग आला पितळी संच.
मखमलीच्या डबीत कोळवं, चिपटं, मापटं,
हुबेहूब, काठावरची नक्षीसुद्धा.
किंमत अठराशे. काचेत ठेवा, वर पिवळा दिवा सोडा,
असं बरोबरच्या कागदावर लिहिलेलं.

माझा बाप यार्डात मापाडी होता.
पहिल्या मापाला एक म्हणायचा नाही, लाभ म्हणायचा,
लाभ, दोन, तीन, चार, असा संध्याकाळपर्यंत,
आवाज बसायचा, हात बसायचा नाही.
घरी आल्यावर नाकातून धूळ निघायची
आणि आई त्याला मुद्दाम विचारायची, भात किती घालू?

मी घरून ज्वारी आणली, पिशवीत, कुणाला न सांगता.
दुपारी दुकानात कुणी नसताना
चिपटं भरलं, बोटानं शीग पाडली, ओतलं मापट्यात.
पुन्हा भरलं. ओतलं.
ज्वारी काठावरून सांडली,
काउंटरवर, बिलबुकावर, खाली फरशीवर टपटप.
दोन चिपट्यांचं मापटं होतं,
एवढं तर आमच्या बोर्डावरही लिहिलंय.

केतकी मॅडमना दाखवलं.
त्या म्हणाल्या, मंदाताई, शोपीस आहे हो, यात कोण मोजणार?
बरोबरच होतं त्यांचं.
कंपनीला फोन केला, तिकडचा पोरगा म्हणाला,
साचा आटतो थोडा. कुणाची तक्रार नाही अजून.

परत नाही पाठवले. पैसे भरून झाले होते.
दिवाही सोडला वर, पिवळा.
फक्त शेजारी पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात लिहिलं:
दिसायला मापटं. मापायला नाही.
आणि एका वाडग्यात ज्वारी ठेवली,
ज्याला खात्री करायची त्यानं करावी.

पुठ्ठा वाचून दोन जणांनी डबी खाली ठेवली.
विट्याच्या एका म्हाताऱ्यानं मात्र चष्मा वर करून
तीनदा ओतून बघितलं, तीनदा हसला,
आणि घेतलाच संच. म्हणाला,
आमच्या सावकाराचं असंच होतं, नातवाला दाखवतो.

महिनाअखेर हिशोब झाला.
की-चेन दोनशे बारा. टी-शर्ट तीन. संच एक.
इरफान रोज सकाळी फटीतली ज्वारी वेचून
मागच्या पायरीवर चिमण्यांना टाकतो.

शटर ओढायच्या आधी मी गल्ला मोजते.
थुंकी लावून, नोटांची तोंडं एका बाजूला करून.
केतकी मॅडम दारात उभ्या राहतात, चाव्या वाजवत,
पहिल्या नोटेला माझे ओठ हलतात ते बघतात.
एकदा म्हणाल्या, तुम्ही दोनपासून सुरू करता की काय?
मी मोजत राहिले.
मध्येच बोललं की चुकतं.