गुलासकट

वुब्बो सकाळी साडेआठला आला, बूट दारात काढून.
एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक.
म्हणाला, बाई, नळी आता कायमची बंद ना?
म्हटलं, कर. आणि कॉफी ठेवायला वळले,
तर शेगडी आधीच सोडवलेली.
मग त्याच्याच थर्मासमधली प्यायलो दोघं.

एकेचाळीस वर्षांचा ओव्हन.
त्याची ठिणगी कधीच मेलेली, काडी ओढूनच पेटायचा,
आणि मागचा डावा कोपरा भारी तापट.
बारा मिनिटांनी ट्रे फिरवायचा,
हे कुठे लिहिलेलं नव्हतं,
माझ्या मनगटाला ठाऊक होतं.
तरी बडीशेपेच्या केकचा तो कोपरा करपायचाच
आणि रेइंट म्हणायचा, करपलेला माझा.
त्याला खरंच आवडायचा
की कुणीतरी संपवायला हवा म्हणून खायचा,
विचारायचं राहून गेलं.

ग्रोनिंगेनच्या या सपाट मुलखात
गॅस आम्हाला लांबून येत नव्हता.
पायाखालून यायचा.
बीटच्या शेताखालून, चर्चखालून,
चर्चच्या कुंपणात निजलेल्या माझ्या सासूखालून.
शाळेत मास्तर म्हणाले होते, देशाचं नशीब निघालं.
निघालं खरं. देशभर खोल्या उबदार झाल्या.
मग ऑगस्टातल्या एका रात्री पायाखालची जमीन सरकली.
म्हणजे खरोखरची.
कपाटातल्या बशा एकमेकींशी कुजबुजल्या,
आणि सकाळी न्हाणीघराच्या भिंतीवर
एक लांब काळा केस.
मी तो ओल्या फडक्याने पुसायला गेले.

त्यानंतर माणसं येत गेली,
फायली घेऊन, मोजपट्ट्या घेऊन,
बाहेरचा चिखल गालिच्यावर आणत.
एकाने विचारलं, ही भेग आधीचीच नाही कशावरून?
म्हटलं, भिंत मी पुसते, तुम्ही नाही.
त्याने तेही लिहून घेतलं.

नवा ओव्हन काळ्या काचेचा, मुका.
घड्याळात चार शून्यं. आधी मला विचारतो, भाषा कोणती?
कपडे धुवायचं मशीन चालू असताना लावला
तर सगळं घर अंधारात.
वुब्बो हसला, म्हणाला, एका वेळी एकच काम करा.
आमच्या पिढीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी केक लावला.
बारा मिनिटं झाली तशी उठले, हात घातला, ट्रे फिरवला.
गरज नव्हती.
चारी कोपरे सारखे, चित्रातल्यासारखे,
एकावरही कुणाचं नाव नाही.
दोन तुकडे खाल्ले. चांगला झाला होता,
खोटं कशाला बोलू.

एक सांगायचं राहिलं, सकाळचं.
वुब्बोने जुना ओव्हन ओढून बाहेर काढला
तेव्हा खाली एक चमचा निघाला,
युरेच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक,
दगड झालेला पाव.
आणि मागच्या भिंतीत, फरशीपासून माझ्या छातीपर्यंत,
एक भेग.
सतरा वेळा घर मोजलं गेलं.
ओव्हन कुणी हलवला नव्हता.
मीही नाही.

वुब्बो उकिडवा बसून बघत राहिला.
मग म्हणाला, आमच्या घराला बाहेरून लाकडाचे टेकू आहेत,
आई तिसरं वर्ष डब्यात राहते.
फोटो काढू?
म्हटलं, थांब.

एप्रनच्या खिशात काडेपेटी होती, सवयीची.
आता तिचं काय करायचं हे ठरलं नव्हतं.
एक काडी काढली आणि भेगेत घातली,
किती खोल आहे ते बघावं म्हणून.
वाटलं होतं, अडेल कुठेतरी.

गेली आत.
गुलासकट.